खासगी गाडी आली, तर आपल्या स्टेशनवर थांबेल का?

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. कर्ज नाही, हप्ता नाही, शेळीपालन नाही. आज रेल्वेबद्दल बोलायचं आहे. आमच्या प्रभागातल्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हटकून येतो. "ताई, रेल्वे खासगी होणार म्हणे?" कोणी म्हणतं, होऊ द्या, संडास तरी स्वच्छ राहील. कोणी म्हणतं, मग तिकीट आपल्याला परवडायचं नाही. दोन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे. पण नेमका प्रश्न विचारला तो पाचोऱ्याकडच्या एका मावशींनी. त्या म्हणाल्या, "गाडी कोणाची बी राहो. ती आपल्याकडे थांबेल का, तेवढं सांग."

मला वाटतं, आपण बायांनी या विषयाकडे याच अंगाने पाहावं. गाडी सरकारची की कंपनीची, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. ती कुठे थांबेल, तिच्यात कोण बसू शकेल आणि तिच्यासाठी आपली कोणती गाडी मागे राहील, हे विचारणारं मात्र कोणी नसतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ. "रेल्वे खासगी होणार" असं आपण म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक, अख्खी रेल्वेच विकून टाकणं. तसं होणार नाही, असं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत वेळोवेळी सांगितलं आहे. दुसरी गोष्ट वेगळी आहे. रूळ, सिग्नल, स्टेशन, ड्रायव्हर हे सगळं रेल्वेचंच राहतं. कंपनी फक्त आपली गाडी आणते, रूळ वापरायचं भाडं भरते, तिकिटाचा दर स्वतः ठरवते आणि गाडी चालवते. आपल्याला हे कळायला अवघड नाही. जळगावहून किंवा धुळ्याहून पुण्याला रात्रीची ट्रॅव्हल्स जाते ना? रस्ता सरकारचा, गाडी ट्रॅव्हल्सवाल्याची. तसंच हे, फक्त रुळावर.

आपल्या देशात याची सुरुवात ४ ऑक्टोबर २०१९ ला झाली. लखनौ ते दिल्ली तेजस एक्स्प्रेस निघाली. पुढे जानेवारी २०२० मध्ये अहमदाबाद ते मुंबई तेजस सुरू झाली. लोक तिला खासगी गाडी म्हणाले, पण चालवणारी आयआरसीटीसी ही रेल्वेचीच कंपनी. मात्र नियम खासगीसारखे होते. गर्दी वाढली की भाडं वाढणार. कोणतीही सवलत नाही. आणि एक चांगली गोष्टही होती. गाडीला एक तासापेक्षा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला १०० रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त झाला तर २५० रुपये भरपाई. आपल्या पॅसेंजरला उशीर झाला म्हणून कोणी आपल्या हातावर दहा रुपये तरी ठेवले आहेत का? हे चांगलं होतं, ते चांगलंच म्हणायचं.

त्यानंतर १ जुलै २०२० ला रेल्वेने मोठा प्रस्ताव मांडला. देशभरात १०९ मार्गांवर १५१ गाड्या खासगी कंपन्यांनी चालवाव्यात. साधारण ३०,००० कोटी रुपये कंपन्यांनी घालावेत. करार ३५ वर्षांचा. प्रत्येक गाडी किमान १६ डब्यांची, ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकणारी. ड्रायव्हर आणि गार्ड रेल्वेचे. कंपनीने रुळाचं भाडं द्यायचं, वापरलेल्या विजेचे पैसे द्यायचे आणि कमाईतला वाटा रेल्वेला द्यायचा. तिकिटाचा दर मात्र कंपनी ठरवणार.

मग झालं काय? वर्षभराने, जुलै २०२१ मध्ये निविदा उघडल्या, तेव्हा पुढे आल्या दोनच कंपन्या. त्यातली एक पुन्हा आयआरसीटीसीच. एवढ्या मोठ्या लग्नाला वऱ्हाडी दोन, त्यातला एक घरचाच! ती प्रक्रिया रद्द झाली. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये भारत गौरव नावाची योजना आली. तिच्यात कंपनी रेल्वेकडून गाडी भाड्याने घेऊन यात्रा-सहली काढू शकते. अशी खासगी कंपनीची पहिली गाडी १४ जून २०२२ ला कोईमतूरहून निघाली आणि आपल्या शिर्डीला आली. पण ती सहलीची गाडी. रोज कामाला जाणाऱ्याची नाही.

म्हणजे खान्देशातून आज अशी रोजची खासगी प्रवासी गाडी धावत नाही. मग ताई, आजच हा विषय का काढला? सांगते.

आपल्याकडे नवे रूळ येत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड–इंदूर नव्या मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा हा मार्ग धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा असा जाणार. खर्च १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशनं आणि काम पूर्ण करण्याचं उद्दिष्ट २०२८-२९. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव–मनमाड चौथ्या लाइनला आणि भुसावळ–खंडवा तिसऱ्या-चौथ्या लाइनला मंजुरी मिळाली. उधना–जळगाव दुहेरीकरण तर आधीच पूर्ण झालंय. आज रुळांवर जागा नाही म्हणून नव्या गाड्या मिळत नाहीत, असं आपण ऐकतो. उद्या जागा होईल, तेव्हा ती मागणारे पुष्कळ असतील. मालगाड्या मागतील, लांब पल्ल्याच्या गाड्या मागतील आणि खासगी कंपन्यांचा प्रस्ताव नव्या रूपात परत आला तर त्याही मागतील. त्या वेळी आपली मागणी आधीपासून कागदावर हवी. पंगत बसल्यावर पाट शोधायला निघालं तर काय मिळणार?

मायक्रोफायनान्सवाला दारात आला की आता आपण काय करतो? आधी विचारतो, व्याज किती, हप्ता चुकला तर काय, कागदावर काय लिहिलंय. कोणत्याही नव्या गाडीला असेच चार प्रश्न विचारायचे. एकेक घेऊ.

पहिला प्रश्न, गाडी थांबेल कुठे?

१० ऑगस्ट २०२५ ला नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला जाणारी वंदे भारत सुरू झाली. ती सरकारचीच गाडी, खासगी नाही. चांगली गाडी आहे. आपल्या भागात ती भुसावळला थांबते, जळगावला थांबते आणि मग थेट मनमाडला. मधलं म्हसावद, पाचोरा, कजगाव, चाळीसगाव, नांदगाव खिडकीतून दिसतं तेवढंच. वेग हवा तर थांबे कमी, हे गणित सरकारी गाडीला चुकत नाही, तर कंपनीच्या गाडीला कसं चुकेल? कंपनी तर मोठ्या शहरातून मोठ्या शहरात जाणारं गिऱ्हाईक शोधणार. ट्रॅव्हल्सचंच बघा. पुण्याला रोज जाते, पण फाट्यावरून आत आपल्या गावात येते का? आत येते ती एसटीच.

म्हणून लांब पल्ल्याची कोणतीही नवी गाडी येते म्हटलं की सोबत एक मागणी हवीच. तिला जोडणारी मेमू द्या. जळगावला गाडी थांबणार असेल, तर पाचोरा-चाळीसगावच्या बाईला वेळेवर जळगावला पोचवणारी आणि उतरल्यावर घरी आणणारी गाडी हवी. रात्री अकराला जळगावला उतरून सकाळपर्यंत स्टेशनवर बसायचं असेल, तर त्या वेगाचा आपल्याला काय उपयोग?

दुसरा प्रश्न, भाडं किती आणि सवलत कोणाला?

केंद्र सरकारने संसदेत सांगितलंय की प्रवाशाला १०० रुपयांची सेवा दिली तर रेल्वे सरासरी ५४ रुपयेच घेते. बाकी ४६ रुपये सरकार सोसतं. खासगी कंपनी हे ४६ रुपये का सोसेल? ती नफ्यासाठीच येते, त्यात लपवायचं काही नाही. तिचं भाडं जास्त राहणार आणि दिवाळी-दसऱ्याला आणखी वाढणार. ट्रॅव्हल्सवाल्यांनी एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा शासनाचा निर्णय २०१८ पासून आहे. तरी दिवाळीत पुण्याहून पोरं घरी यायला निघाली की काय होतं, ते घरोघरी माहीत आहे.

आता सवलतींचं बघा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. त्यामुळे कितीतरी बाया स्वतःच्या पैशाने माहेरी, दवाखान्यात, बाजारात जायला लागल्या. ट्रॅव्हल्समध्ये ते अर्धं तिकीट चालत नाही. रेल्वेचंही तसंच होईल. आणि इथे खरा जिवाचा प्रश्न आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून किती बाया कॅन्सरच्या उपचाराला मुंबईला टाटा रुग्णालयात जातात! रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरमध्ये आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत मिळते. सोबत जाणाऱ्या एकाला ७५ टक्के मिळते. एकदा जाऊन हे दुखणं भागत नाही. केमोसाठी दर काही आठवड्यांनी फेरी असते. सोबत कोणी तरी लागतंच. ही सवलत ज्या गाडीत नाही, ती गाडी कितीही झकपक असली तरी त्या घरासाठी नसल्यासारखीच.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. बायांसाठी गाडीत राखीव जागा ठेवणं हे १९८९ च्या रेल्वे कायद्यातच आहे, कलम ५८. प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक गाडीत ती ठेवावी लागते. सवलत मात्र कायद्यात नाही. ती निर्णयाने मिळते आणि निर्णयाने जाते. ५८ वर्षांवरच्या बायांना रेल्वेत अर्धं तिकीट होतं. २० मार्च २०२० पासून ते बंद झालं. म्हणून कोणत्याही कंपनीशी करार होणार असेल, तर रुग्णांची, अपंगांची, शिकणाऱ्या मुलामुलींची सवलत करारातच लिहा, असं म्हणावं लागेल. ३५ वर्षांचा करार म्हणजे आज पाळण्यातली पोर उद्या आई होईपर्यंतचा करार. मागून म्हणून चालणार नाही.

तिसरा प्रश्न, ही गाडी आली तर आपली गाडी कुठे जाईल?

रूळ म्हणजे विहिरीचं पाणी आहे. आहे तेवढंच आहे. एकाने मोटर मोठी बसवली की दुसऱ्याच्या वाफ्याला पाणी उशिरा जातं. २०२० च्या प्रस्तावात एक अट होती. खासगी गाडीच्या वेळेपासून एक तासाच्या आत त्याच मार्गावर तशीच दुसरी नियमित गाडी सुटणार नाही. म्हणजे चांगली वेळ कंपनीची. मुंबईहून विदर्भात, उत्तरेत, कोलकात्याकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याच मनमाड–भुसावळ रुळांवरून जातात. त्यांना वाट द्यायला बाजूला उभी राहते ती आपली मेमू. त्या मेमूत कोण असतं? कॉलेजच्या पोरी, भाजीची टोपली घेतलेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे.

बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. स्पेनमध्ये २०२१ आणि २०२२ मध्ये दोन नव्या कंपन्यांनी वेगवान गाड्या सुरू केल्या. तिकीटं स्वस्त झाली, प्रवासी वाढले. पण तिथे वेगवान रूळ आधीच बांधून ठेवलेले होते आणि त्यांवर जागा मोकळी होती. शिवाय त्या गाड्या माद्रिद, बार्सिलोना अशा मोठ्या शहरांमध्येच जास्त धावतात. ब्रिटनमध्ये उलटं झालं. तिथे स्वतंत्र कंपन्यांनी नव्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी अर्ज करायचा, अशी पद्धत आहे. जुलै २०२५ मध्ये एका मुख्य मार्गावरचे अशा कंपन्यांचे तीन अर्ज तिथल्या नियंत्रक संस्थेने नाकारले. कारण दिलं की या रुळांवर जागा नाही, नव्या गाड्या घातल्या तर आहेत त्या गाड्या वेळेवर चालणार नाहीत. तिथे आणखी एक गोष्ट तपासतात. ही गाडी नवे प्रवासी आणेल, की आहे त्याच गाडीचे प्रवासी आणि पैसे पळवेल? आपल्याकडेही हे कोणी तरी तपासायला हवं. मलई एकाने काढून नेली की दुसऱ्याच्या गाडग्यात ताकच उरणार. आणि रेल्वेच्या गाडग्यात ताक उरलं, तर कात्री आधी लहान स्टेशनांना लागते.

चौथा प्रश्न, गाडी बंद पडली तर विचारायचं कोणाला?

तेजस गाड्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये प्रवासी मिळेनात, म्हणून त्या बंद ठेवल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये परत सुरू केल्या. कंपनीच्या हिशेबात ते बरोबरच. पण ज्या गावाची तीच एक गाडी असेल, त्याने काय करायचं? म्हणून करारात किमान फेऱ्या लिहिलेल्या हव्यात आणि तक्रार ऐकणारा माणूस आपल्या विभागात बसलेला हवा.

आता कोणी म्हणेल, ताई सरकारची बाजू घेताय. तसं नाही. सरकारी म्हणजे आपोआप आपली, असं असतं तर काय हवं होतं? मार्च २०२० मध्ये कोरोनात सगळ्या गाड्या थांबल्या. पुढे पॅसेंजरच्या जागी मेमू आल्या, पण तिकीट एक्स्प्रेसचं. दहा रुपयांच्या जागी तीस. दोन स्टेशनांवर बाजाराला जाणारी बाई तेच तिकीट काढत होती. ते परत दहा रुपये व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. आणि आपली पी.जे.? पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी ५६ किलोमीटरची छोटी गाडी. तीही तेव्हा थांबली ती थांबलीच. "आमनी गाडी काब बंद पडनी?" असं त्या पट्ट्यातल्या आज्या विचारायच्या. आता तिथे मोठी लाइन होणार आहे, पुढे बोदवडपर्यंत नेणार आहेत. व्हावीच. पण तोवर जामनेरच्या बाईने काय करायचं, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही.

पी.जे.चं नाव निघालंच आहे तर एक सांगते. खान्देशला खासगी रेल्वे नवी नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती जीआयपी नावाच्या कंपनीची. १८६० च्या दशकात हीच कंपनी भुसावळपर्यंत आली. अमळनेरहून नंदुरबारवरून सुरतेला जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे साधारण १९०० मध्ये पूर्ण झाली. तीही कंपनीची, मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने उभी केलेली. पाचोरा–जामनेर लाइनही याच पेढीच्या घरातली. विदर्भातली शकुंतला म्हणतात ना, तिची बहीणच. हे रूळ कशासाठी आले? आपला कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला. माणसं बसली ती मागून.

आणि त्या कंपन्यांचा हिशेब कसा होता, तो ऐकण्यासारखा आहे. जीआयपीला सरकारने शब्द दिला होता. तुमच्या भांडवलावर पाच टक्के सुटले नाहीत, तर उरलेले आम्ही भरून देऊ. ते पैसे कुठून यायचे? इथल्या रयतेच्या सारा-पट्टीतून. नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर शेतकऱ्याची. शेवटी १९२५ मध्ये सरकारने जीआयपी आपल्याकडे घेतली. तरी त्याच रुळांमुळे भुसावळसारखं गाव वाढलं, हजारो घरांना पगार मिळाला, हेही तेवढंच खरं. म्हणून मी म्हणते, कंपनी आली म्हणून घाबरू नका आणि भुलूही नका. कागदावर काय लिहिलंय ते बघा.

आता कामाचं बोलू. आपण करायचं काय?

एक, आपल्या स्टेशनवरून तिकीट काढूनच बसा. थांबा द्यायचा की काढायचा, हे ठरवताना रेल्वे त्या स्टेशनची तिकीटविक्री पाहते. आपण दहा रुपये वाचवतो आणि स्टेशनचा थांबा घालवतो. मोबाइलवर तिकीट काढता येत असेल तर लेकीकडून शिकून घ्या. एखाद्या गाडीला प्रायोगिक थांबा मिळाला, तर त्या महिन्यांत तर मुद्दाम तिकीट दिसलंच पाहिजे.

दोन, मोजा. गटातल्या दोघी-दोघींनी वही घेऊन एक आठवडा स्टेशनवर उभं राहायचं. कोणत्या गाडीला किती बाया चढल्या, कशासाठी निघाल्या: दवाखाना, कॉलेज, बाजार, नोकरी. गटाची जमा-खर्च वही आपण पैशापैशाने लिहितो, तशीच ही. "आमच्याकडे खूप गर्दी असते" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. "सोमवारी सकाळच्या मेमूला इतक्या बाया, त्यांतल्या इतक्या दवाखान्याच्या" असं लिहिलं की साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

तीन, अर्ज योग्य दारात द्या. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, रावेर, बोदवड आणि धुळे ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात. अर्ज भुसावळच्या डीआरएम कार्यालयाला. पण धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार हा सुरत लाइनचा भाग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात आहे. तिथला अर्ज मुंबई सेंट्रलला जातो. पुष्कळ निवेदनं चुकीच्या दारात पडून राहतात. अर्जाची एक प्रत आपल्या खासदारांना द्या. प्रत्येक विभागात रेल्वे प्रवाशांची सल्लागार समिती असते, तिच्या सदस्यांनाही द्या. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

चार, मागणी एक किंवा दोनच ठेवा. वीस मागण्यांच्या अर्जातली एकही लक्षात राहत नाही. ठरावाचा नमुना सांगते, लिहून घ्या:

"आमच्या ग्रामसंघाच्या आजच्या सभेत असा ठराव झाला की, आमच्या स्टेशनवरून नव्या लाइनवर लांब पल्ल्याची गाडी, मग ती रेल्वेची असो वा खासगी कंपनीची, सुरू करताना तिला जोडणारी मेमू सकाळी व संध्याकाळी द्यावी. रुग्ण, अपंग व विद्यार्थी यांच्या सवलती त्या गाडीत लागू राहतील, असे करारात लिहावे. सध्या धावणाऱ्या मेमू गाडीची वेळ आमच्याशी बोलल्याशिवाय बदलू नये. सोबत एका आठवड्याची प्रवासी मोजणी जोडली आहे."

एवढंच. तारीख, सह्या, अंगठे, गटाचा शिक्का.

कोणी म्हणेल, आपल्या अर्जाने काय होतं? धुळ्याला विचारा. चाळीसगाव–धुळे फाट्याची लाइन १९०० पासून आहे. मुंबईची थेट गाडी हवी म्हणून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली. २०२३ साली धुळ्याहून मुंबईला थेट गाडी सुरू झाली. आधी आठवड्यातून तीन दिवस, मग रोजची. मनमाड–इंदूरची मागणी तर त्याहून जुनी. आपल्या आज्ज्यांनी ऐकली, आयांनी ऐकली, आता आपल्यासमोर मंजूर झाली. उशीर होतो, पण मागत राहणाऱ्याचा नंबर लागतो.

आपल्या गटांनाही या गाड्यांची गरज आहे. महालक्ष्मी सरसला मुंबईत स्टॉल मिळाला की पापड, बिबड्या, केळीचे वेफर्स, मिरचीचा मसाला घेऊन आपण निघतो. सेकंड क्लासला माणशी ३५ किलो, स्लीपरला ४० किलो सामान फुकट नेता येतं. चौघी निघाल्या तर दीडेकशे किलो माल तिकिटातच गेला. खासगी गाडीत सामानाचा नियम काय असेल, हेही विचारायचं बरं का. दिसायला बारीक बाब, पण आपला सगळा नफा तेवढ्यातच असतो.

शिरपूर, नरडाणा, धुळे पट्ट्यातल्या मैत्रिणींना खास सांगणं. तुमच्याकडे ३० नव्या स्टेशनांतली काही येणार आहेत. स्टेशन गावापासून किती लांब, तिथपर्यंत रस्ता-रिक्षा आहे का, फलाटावर दिवा, पाणी, बायांसाठी संडास आहे का, हे आत्ता विचारलं तर नकाशात बसेल. बांधून झाल्यावर विचारलं तर पुढच्या बजेटची वाट बघावी लागेल. ग्रामसभेत हा विषय घ्या. इतिवृत्तात लिहून घ्या.

या महिन्याच्या मासिक सभेत बचत, कर्ज, परतफेड झाली की पाचवा विषय रेल्वेचा ठेवा. ठराव करा, मोजणीच्या जोड्या ठरवा आणि अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटो आमच्या केंद्राकडे पाठवा. सगळ्या गावांची मोजणी एकत्र केली, तर तो कागद दोन्ही विभागांच्या साहेबांसमोर नेऊन ठेवता येईल.

पुढच्या वेळी आपण खाद्यपदार्थांच्या परवान्याबद्दल बोलू. तोपर्यंत जपून राहा, प्रवासात एकमेकींच्या सोबतीने जा आणि तिकीट काढायला विसरू नका. रामराम.